मदत हवी आहे: थिजलेला मध भेसळीचा असतो का?

मंडळी, आम्ही धुळ्याचे. घरात मधाच्या दोन बाटल्या आहेत आणि त्यांच्यावरून रोज वाद.

एक धडगावच्या बाजारातली, आग्या मोहोळाची. काळपट लाल, एकदम पातळ. आधी गोड लागतो, मग घशाशी तुरट-कडवट, वर धुराचा वास. दुसरी चोपड्याकडच्या पेटीवाल्याची, सूर्यफुलाची म्हणून घेतलेली. दिवाळीत पिवळाधमक, वाहता होता. थंडी पडली तसा तळापासून रवा धरत गेला, आता चमचा उभा राहतो. जिभेवर बारीक कणी लागते, लगेच विरघळते. मला तर पोळीवर हाच आवडतो.

सासूबाईंचा निकाल: "हाई साखर शे, दुसरं काय!" नातवाला (आठ महिन्यांचा) चाटवायला त्यांना आग्याचाच हवा. पण ती बाटली उघडताना हल्ली फस्स होतं, वर फेस येतो. कुठला खरा समजायचा?

प्रतिसाद १
आधी बाळाचं. वर्षाच्या आत कुठलाच मध नको, खरा असो की खोटा. त्यात बोटुलिझम या गंभीर विषबाधेच्या जंतूंचे बीजाणू असू शकतात, तान्ह्याच्या आतड्याला ते झेपत नाहीत. सासूबाईंना बालरोगतज्ज्ञांकडे घेऊन जा, सुनेपेक्षा त्यांचं ऐकतील.

प्रतिसाद २
माझ्या पेट्या आहेत म्हणून लिहितो. थिजणं म्हणजे भेसळ नव्हे. ज्या फुलांच्या मधात ग्लुकोज जास्त, तो लवकर थिजतो: सूर्यफूल, मोहरी. चौदा-पंधरा अंशाच्या आसपास सगळ्यात भराभर, म्हणजे आपला खानदेशी हिवाळा त्याला पोषकच. जांभळाचा मध बराच काळ पातळ राहतो, चवीला तुरट. पातळ हवाच असेल तर बाटली कोमट पाण्यात ठेवा, गॅसवर नको.

आग्याचं पोळं बहुतेक ठिकाणी हाताने पिळतात. न पिकलेला, म्हणजे माश्यांनी अजून मेणाने बंद न केलेला मधही त्यात येतो. पाणी वीस टक्क्यांच्या वर गेलं की आंबतो, तुमचा फेस त्याचाच दिसतोय. म्हणजे तोही खोटा नसेल, फक्त टिकाऊ नाही. आंबूस लागला तर खाऊ नका.

बाकी पाण्यात थेंब टाकणं, मधात बुडवलेली काडी पेटवणं अशा घरगुती चाचण्यांवर निकाल देऊ नका. साखरेचा घट्ट पाकही पाण्यात तळाला जातो. खात्रीच हवी तर प्रयोगशाळा.

धागाकर्ती
धन्यवाद दादा. चोपड्याचा मध आजपासून माझा. सातपुड्यात धूर न लागलेला जांभळाचा मध कुठे मिळेल?