स्टीम डेकला व्हीआर हेडसेट जोडता येईल का?

मीनल_कोथरूड:
भावाने अमेरिकेहून येताना भाच्यासाठी स्टीम डेक (हातात धरून खेळायचं गेमचं यंत्र) आणला, पहिला एलसीडीवाला. आमचे चिरंजीव आठवीत आहेत. आता म्हणतात, कुणाचा तरी वापरलेला क्वेस्ट 2 (डोळ्यांवर बांधायचा व्हीआर हेडसेट) घेऊ आणि डेकला जोडू. तापकीर गल्लीत विचारलं तर दुकानदार म्हणाला, "ताई, यूएसबी-सी आहे ना? बिनधास्त जोडा." बिनधास्त म्हटलं की मला शंका येते. जाणकारांनी सांगावं.

पर्वतीकर:
आठवीत ना? मग दिवाळीनंतर विचारा.

जुना_जॉयस्टिक:
मीनलताई, पिन बसेल, त्यात तो खोटं बोलला नाही. डेकच्या यूएसबी-सीमधून चित्रही बाहेर येतं, टीव्हीला लावता येतो. घोडं अडतं ते पुढे.

डेकचा पडदा 1280 × 800, म्हणजे साधारण दहा लाख ठिपके. आतली चिप जेमतेम 15 वॅटवर तेवढंच रंगवायला बेतलेली आहे, आणि जड गेममध्ये तिथेही सेकंदाला 30 चित्रांवर समाधान मानावं लागतं. क्वेस्ट 2 मध्ये एका डोळ्यापुढे 1832 × 1920. दोन डोळ्यांचे मिळून सत्तर लाख! तेही सेकंदाला निदान 72 वेळा. ठिपके थोडे कमी करता येतात, पण वेग कमी करून चालत नाही. पडद्यावर गेम अडखळला तर माणूस वैतागतो. हेडसेटमध्ये मान वळवली आणि चित्र मागून आलं, तर कात्रज घाटात मागच्या सीटवर मोबाईल वाचल्यासारखी मळमळ होते.

हौशी लोकांनी डेकवर स्टीमव्हीआर (पीसीवरचे व्हीआर गेम चालवणारं सॉफ्टवेअर) चालवून दाखवलंय. पण डेक व्हीआरसाठी बनवलेला नाही, हे खुद्द तो बनवणाऱ्या व्हॉल्व्हनेच सांगितलंय. माझ्या मते ते करून बघण्यापुरतं ठीक, रोज खेळायला नाही.

आणि मुळात क्वेस्ट 2 मध्ये स्वतःची चिप, स्वतःची बॅटरी आहे. त्याला डेक लागतोच कशाला?

सहकारनगरचा_मारिओ:
मग निन्टेन्डोने 2019 मध्ये त्यांच्या स्विच या गेमयंत्रासाठी लाबो व्हीआर काढलंच होतं की. पुठ्ठ्याचं!

जुना_जॉयस्टिक:
काढलं होतं, आणि मला ते आवडलंही. पण बघा काय केलं: स्विचचा 720पी (1280 × 720) पडदा मधोमध वाटला, म्हणजे एका डोळ्याला फार तर 640 × 720. डोक्याला बांधायचा पट्टाच दिला नाही, हाताने तोंडापुढे धरायचं. सोबतचे गेमही छोटे छोटे. आपल्या यंत्राला किती झेपतं ते ओळखून केलेलं काम. नंतर झेल्डा या मोठ्या गेमलाही व्हीआर जोडलं, पण तो पसारा हात वर धरून किती वेळ खेळणार? निन्टेन्डोचे हात 1995 मध्ये व्हर्च्युअल बॉय या थ्रीडी गेमयंत्रावर पोळलेत (सगळं चित्र लाल-काळं, वर्षभरात गाशा गुंडाळला). त्यामुळे या वेळी बेताने घेतलं असावं.

मीनलताई, चिरंजीवांना एकदा नीट विचारा: मान वळवून आजूबाजूला बघायचंय, की नुसतं मोठं चित्र हवंय?

मीनल_कोथरूड:
विचारलं. म्हणे, "गाड्यांचा गेम मोठा दिसायला हवा." मग घरचा टीव्ही काय वाईट?

जुना_जॉयस्टिक:
उत्तम. एचडीएमआयचा डॉक (डेक टीव्हीला जोडायचा अडॅप्टर) घ्या, पण चार्जर लावायला वेगळी जागा आहे ना ते बघून. नाहीतर जड गेमला डेकची बॅटरी दोनेक तासांत संपते.