मदत हवी आहे: अंतराळातल्या सौरऊर्जेला पैसा कोणी घालायचा?

मंडळी, पुढच्या आठवड्यात कॉलेजात अंतराळातल्या सौरऊर्जेवर बोलायचंय आणि मी पैशाच्या भागात पार अडकलोय. तंत्र कळतं, म्हणजे ३६,००० किमीवर भूस्थिर कक्षेत (जिथे उपग्रह पृथ्वीवरून एकाच जागी दिसतो) पॅनेल, तिथे जवळपास चोवीस तास ऊन, आणि वीज मायक्रोवेव्ह लहरींत बदलून खाली अँटेनावर घ्यायची, पीटर ग्लेझर या अभियंत्याने हे १९६८ लाच मांडलं होतं! २०२३ मध्ये कॅलटेक या अमेरिकन विद्यापीठाने कक्षेत बिनतारी वीज पाठवून दाखवली पण त्यामागे डोनाल्ड ब्रेन या एकाच उद्योगपतीची १० कोटी डॉलरहून जास्त देणगी. युरोपच्या अंतराळ संस्थेचा याच विषयावरचा सोलारिस अभ्यास सरकारी पैशातून. आणि नासाचा २०२४ चा अहवाल म्हणतो ही वीज जमिनीवरच्या पर्यायांपेक्षा १२ ते ८० पट महाग पडेल, वाचून खरंच वाईट वाटलं.

तर टप्पे कसे पाडावेत? आधी सरकारी पैशातून छोटा प्रात्यक्षिक उपग्रह आणि मग वीज खरेदी करार दाखवून कर्ज, हे बँकेला पटेल का? प्रोजेक्ट लोन किंवा विम्यात काम केलेलं कोणी असेल तर प्लीज सविस्तर सांगा, उपग्रह मधेच बंद पडला तर नुकसान कोणाच्या माथी येतं तेही.