वेबचे 18 आरसे: ठिपके एकावर एक आले, तरी काम का उरलं?

दुर्बीणवेडी: माझ्या 8 इंची न्यूटोनियन दुर्बिणीचं कोलिमेशन (आरशांची जुळणी) मी लेझर लावून करते, तिथे आरसे दोनच. जेम्स वेब या अवकाश दुर्बिणीचं मात्र अडतं, तिचा मुख्य आरसा 18 तुकड्यांचा. 2022च्या सुरुवातीला एकाच ताऱ्याचे 18 ठिपके दिसले, मग ते एका जागी आणले. त्यानंतरही जुळणी चालूच होती, ती कशासाठी? आणि कुठला ठिपका कुठल्या आरशाचा, हे कसं ओळखलं?

लोलक: एकेक आरसा किंचित हलवायचा, जो ठिपका सरकेल तो त्याचा. तारा होता सप्तर्षीतला एचडी 84406.

आरसेघाशा: तुमचा पहिला प्रश्न जास्त मोलाचा आहे. ठिपके एकावर एक आले की उजेड साठतो, तीक्ष्णता वाढत नाही. प्रत्येक तुकडा 1.32 मीटरचा, म्हणून चित्रातला बारकावाही तेवढ्याच आरशाचा. अख्ख्या साडेसहा मीटर आरशाचा बारकावा हवा तर अठराही तुकड्यांवरच्या प्रकाशलहरी एकाच तालात पोचायला हव्यात. 2 मायक्रॉनच्या प्रकाशासाठी एखादा तुकडा अर्धा मायक्रॉन मागे राहिला, तर जाऊन-येऊन 1 मायक्रॉनचा फरक पडतो आणि त्याच्या लहरी शेजाऱ्याच्या लहरींना खोडून काढतात!

म्हणून आधी दोन-दोन तुकड्यांचा प्रकाश एकत्र घेऊन त्याचा वर्णपट पसरला. त्यातल्या पट्ट्यांच्या कलावरून दोघांच्या उंचीतला फरक कळतो. पुढची पायरी मला फार सुंदर वाटते: खास भिंगं आड घालून ताऱ्याचा फोकस मुद्दाम बिघडवायचा आणि त्या पसरट चित्रावरून उरलेले दोष गणिताने शोधायचे. 11 मार्च 2022ला हा टप्पा पुरा झाला. प्रत्येक तुकड्यामागे त्याला हलवणारे सात अ‍ॅक्च्युएटर आहेत, सहा जागा नि कल ठरवायला, एक वक्रता बदलायला. हे सगळं उणे 220 अंशांच्या आसपासच्या थंडीत चालतं.

दुर्बीणवेडी: आता उलगडलं. पण यान स्वतःच डुललं तर?

आरसेघाशा: त्यासाठी फाइन गायडन्स सेन्सर आहे, कॅनडाने दिलेला. तो एका मार्गदर्शक ताऱ्याची जागा सेकंदाला 16 वेळा मोजतो आणि त्यानुसार प्रकाशाच्या वाटेतला एक छोटा आरसा झुकवला जातो. ‘चंद्रा’ या क्ष-किरण अवकाश दुर्बिणीची दिशा सांभाळायला रिअ‍ॅक्शन व्हील्स (यान वळवणारी फिरती चाकं) असतात तशी इथेही आहेत, पण शेवटची थरथर हा आरसाच मारतो. आरशांची जुळणी मात्र त्याच्या हाती नाही. ती साधारण दर दोन दिवसांनी तपासतात आणि गरज पडली तरच तुकडे हलवतात.