ईएन१९ शाफ्टला एमएस फ्लँज वेल्ड केला, सकाळी क्रॅक

गुऱ्हाळाच्या घाण्याचा शाफ्ट आहे, ६५ मिमी ईएन१९ (मजबूत मिश्र पोलाद), त्याला २० मिमी एमएस (साधं मऊ पोलाद) प्लेटचा फ्लँज (जोडणीची चकती) लावायचा होता. काल संध्याकाळी ६०१३ या साध्या वेल्डिंग रॉडने तीन रन (वेल्डचे थर) मारले, वेल्ड एकदम देखणा पडला. रात्री शेड बंद करताना टक् असा बारीक आवाज आला, मी लक्ष दिलं नाही, सकाळी बघतो तर वेल्डच्या कडेने शाफ्टच्या बाजूला केसाएवढी भेग, अर्धा वळसा! एमएसला काहीच झालं नाहीये. वरून परत रन मारू का? सीझन तोंडावर आलाय.

उत्तर १: दादा, वरून अजिबात मारू नका, भेग आत तशीच राहील. ईएन१९ मध्ये कार्बन ०.४० च्या आसपास, वर क्रोमियम-मॉलिब्डेनम, त्यामुळे वेल्डशेजारची पट्टी पटकन थंड झाली की काचेसारखी कडक होते. त्यात ६०१३ च्या फ्लक्समधून (रॉडवरच्या लेपातून) हायड्रोजन आत जातो आणि काही तासांनी, कधी दुसऱ्या दिवशी सुद्धा भेग पडते, तुमचा तो टक् आवाज बहुतेक हाच. ७०१८ (कमी हायड्रोजनचा रॉड) घ्या, ३५० डिग्रीला तासभर तरी बेक करा आणि गरम डब्यातूनच एकेक काढून वापरा. शाफ्ट गॅस टॉर्चने २५० ते ३०० पर्यंत सगळीकडून तापवा, टेंपरेचर चॉकने (ठरावीक तापमानाला वितळणाऱ्या खडूने) तपासा, अंदाजाने नको. सगळे रन होईपर्यंत तापमान उतरू द्यायचं नाही, मग कोरड्या राखेत नाहीतर चुन्याच्या भुकटीत पुरून रात्रभर ठेवा.

उत्तर २: वरचं बरोबर आहे. तापवायची सोयच नसेल तर ३०९ किंवा ३१२ चा स्टेनलेस रॉड चालतो, वेल्ड ताणला जातो आणि हायड्रोजन धरून ठेवतो, पण शाफ्टची कड कडक व्हायची ती होतेच, म्हणून थोडं तरी तापवाच. ३०९ ची ताकद ईएन१९ पेक्षा बरीच कमी, घाण्याच्या पिळाला मी नाही वापरणार.

प्रश्नकर्ता: फ्लँज कापला, ग्राइंड करून डीपी टेस्ट (भेगेत लाल रंग शिरवून वर पांढरा थर मारून बघायची तपासणी) मारली, ३ मिमी खाली गेलो तरी पांढऱ्यावर लाल रेघ उमटतेच आहे.

उत्तर १: मग हा शाफ्ट घाण्याला नको दादा, तिथे माणूस हाताने ऊस सारतो. नवीन टर्न करून घ्या आणि फ्लँजला बॉस (मधला जाड गळा) ठेवून चावीवर (शाफ्टच्या खाचेत बसणाऱ्या पट्टीवर) बसवा, पीळ चावी घेईल, शाफ्टवर वेल्ड मारायची गरजच नाही.