मदत हवी आहे : जिंजरब्रेडच्या घराचं छत घसरून राहिलं, परवा सकाळी घर उभं पाहिजे

पऱ्हाटी
२३ डिसेंबर, रात्री ८:४०

नमस्कार मंडळी. पहिल्यांदाच जिंजरब्रेडचं (सुंठेच्या बिस्किटाच्या तुकड्यांचं) घर करून राहिली. भिंती कशाबशा उभ्या झाल्या पण छत काही टिकून नाही राहिलं, तीनदा लावलं तीनदा घसरलं, आणि आता मागची भिंत पण वाकली. सजावटीला जेम्सच्या गोळ्या लावल्या तर त्यांचा रंग उतरून पांढऱ्यावर लाल-हिरवे ओघळ आले. पोरीनं वर्गात सगळ्यांना सांगून ठेवलं, २५ला सकाळी १० वाजता तिच्या ७ मैत्रिणी पाहायला येणार आहेत. छत कसं बसवायचं आणि सजवायचं कसं तेवढं सांगा. रेसिपी नको, रेसिपी आहे माझ्याजवळ. लवकर सांगा प्लीज.

नुसती_खिचडी
रात्री ८:५१

ताई, चिकटवलं कशानं ते लिहिलंच नाही तुम्ही. पांढऱ्यावर म्हणजे पांढरं काय आहे ते? आणि तुकडे किती जाड आहेत?

वऱ्हाडी_बल्लव
रात्री ८:५८

साखरेचा पाक करा, दुसरं काही करू नका. कोरडी साखर कढईत मंद आचेवर वितळवायची, पाणी बिलकुल टाकायचं नाही, मधासारखा रंग आला की कडा त्यात बुडवून लावायच्या. पाच मिनिटात दगडासारखं घट्ट होते. मी पुतण्यासाठी असंच केलं होतं, ते घर टेबलावरून पडलं तर भिंत तुटली पण जोड नाही सुटला.

संत्र्याची_साल
रात्री ९:०३

पाक नको हो, पहिल्यांदा करणाऱ्याला पाक कशाला सांगता. दीडशेच्या वर तापमान असते त्याचं, बोटाला लागला तर कातडी घेऊनच निघते, आणि तिथे लहान पोरगी मध्येमध्ये येणार. शिवाय तुकडा वाकडा लागला तर सरळ करायला वेळच मिळत नाही. याला रॉयल आयसिंगच लागते. पऱ्हाटी, तू क्रीम वापरली का? केकवर लावतात ती?

पऱ्हाटी
रात्री ९:०७

हो तीच, व्हिपिंग क्रीम. फ्रीजमध्ये होती घरी. केकला चालते तर याला का नाही चालणार असं वाटलं. घट्ट होण्यासाठी भिंती उभ्या करून चार तास फ्रीजमध्ये पण ठेवल्या होत्या.

संत्र्याची_साल
रात्री ९:१२

तिथेच चुकलं बाई. क्रीम कधीच वाळत नाही, तिच्यात पाणी आणि तेल असते, ती नुसती थंडीनं आखडते आणि बाहेर काढली की सैल पडते. वरून ते पाणी बिस्कीट पिऊन घेते, म्हणून भिंत वाकली. फ्रीजमधली ओल लागली ते वेगळंच. गोळ्यांचा रंग पण त्या ओलीनंच उतरला, वरचं साखरेचं कवच विरघळते. रॉयल आयसिंग म्हणजे अंड्याचा पांढरा भाग आणि आयसिंग शुगर, एका अंड्याला साधारण २००-२५० ग्रॅम साखर आणि लिंबाचे चार थेंब. हे वाळून खडूसारखं कडक होते. भांड्याला तेलाचा हात लागला तर मात्र फुगणार नाही.

ओसरी
रात्री ९:२०

आमच्याकडे नाताळ म्हणजे करंज्या, चकल्या, अनारसे, सगळा दिवाळीसारखाच फराळ असतो. आजी दरवर्षी कलकलं (मैद्याचा तळलेला गोड खाऊ) करायची, फोर्कवर गुंडाळून. हे घर करायचं खूळ आमच्या लहानपणी कुणाच्या घरी पाहिलं नाही. पण ताई, पोरीच्या हौसेसाठी तू एवढं करतेस ते फार आवडलं. फोटो टाक ना.

पिंपळपार
रात्री ९:२६

हा मूळचा जर्मनीचा प्रकार. ग्रिम बंधूंनी १८१२ साली छापलेल्या गोष्टीत जंगलातलं खाऊचं घर आहे, त्यानंतर अशी घरं करण्याचा शौक वाढला असं सांगतात. पण आलं, सुंठ हा आपलाच माल आहे. सुंठेसोबत चिमूटभर पिंपळी घालून पाहा, आमच्या अंजनगाव सुर्जीकडे पानपिंपळीचे मळे आहेत, थंडीत घशाला फार चांगली. आलेपाकाची कृती कुणाकडे असेल तर तीही लिहा, वडी मऊ राहते माझी.

पऱ्हाटी
रात्री ९:२९

काका, आलेपाक नंतर. अंडं चालणार नाही. सासूबाई अंड्याचं घरात आणू देत नाहीत आणि येणाऱ्या पोरींपैकी चौघींच्या घरी पण खात नाहीत. हे आधी सांगायला पाहिजे होतं, राहून गेलं.

नुसती_खिचडी
रात्री ९:३२

मग मेरिंग पावडर घ्या, नागपूरला इतवारीत बेकिंगच्या दुकानात मिळते.

संत्र्याची_साल
रात्री ९:३५

मेरिंग पावडर पण अंड्याचीच असते, वाळवलेला पांढरा भाग. ती नको. पऱ्हाटी, घरी काबुली चणे आहेत का? असतील तर पुढचं वाचायच्या आधी उठ आणि भिजत घाल. सकाळी बिनमिठाचे शिजव, त्याच पाण्यात थंड होऊ दे, मग चणे काढून ते पाणी आटव, अंड्याच्या पांढऱ्यासारखं चिकट व्हायला पाहिजे. पूर्ण गार झालं की २५० ग्रॅम साखरेला दोन मोठे चमचे घे आणि फेट. कमी वाटलं तर थेंबाथेंबानं वाढव. चण्याचा वास लिंबानं आणि वेलचीनं जातो. अंड्याच्या आयसिंगपेक्षा वाळायला जास्त वेळ घेते पण वाळते नक्की. उरलेल्या चण्यांची भाजी कर.

वऱ्हाडी_बल्लव
रात्री ९:४१

एवढा उपद्व्याप करण्यापेक्षा पाक दहा मिनिटात होते. त्यात अंडं नाही, चणे नाही, वाट पाहणं नाही. मोठ्या माणसानं करायचं, पोरीला दूर बसवायचं, झालं. परवा सकाळी पाहिजे म्हणते ती, आणि तुम्ही तिला चणे भिजवायला लावून राहिल्या.

संत्र्याची_साल
रात्री ९:४४

दादा, पाकानं भिंत लागेल पण नक्षी निघेल का? तिला सजवायचं पण आहे.

विटामाती
रात्री ९:५०

मी गवंडीकाम करतो, खायच्या घराचं मले ठाऊक नाही पण छताचं सांगतो. उताराचं छत भित्तीले बाहेर ढकलते. तुमच्या भित्ती ओल्या हाय तवाच छत ठेवलं असन, म्हणून भित्त वाकली. आधी चारही भित्ती उभ्या करा, आतून कोपऱ्यात जाड जोड भरा, बाहेरून चार वाट्या टेकवून द्या आणि सहा-सात तास हात लावू नका. मग छत. छताच्या खालच्या कडेले दोन्हीकडून डबे लावा म्हणजे घसरायले जागाच नाही राहत. जोड वाळला का डबे काढा. उतार लय उभा असन त जास्त घसरते. किती ठेवला उतार?

पऱ्हाटी
रात्री ९:५७

चणे भिजत घातले. दादा, उतार बराच उभा आहे. ते घर मी माझ्या माहेरच्या घरासारखं करून राहिली, दर्यापूरकडे होतं, मातीच्या भिंती आणि कवेलूचं (कौलाचं) छत. आठ वर्षांमागं पाडून स्लॅबचं बांधलं. पोरीनं ते पाहिलंच नाही, ती मला विचारत राहते की कवेलू म्हणजे काय, म्हणून हे सगळं. ओसरी पण केली समोर. तुकडे अर्ध्या सेंटीमीटरचे असतील. साखरेऐवजी गूळ टाकला होता.

नुसती_खिचडी
रात्री १०:०४

गूळ! हे आता सांगता. गूळ हवेतली ओल ओढतो, म्हणून तुकडे पण नरम पडले असणार. दाबून पाहा बरं, वाकतात का?

पऱ्हाटी
रात्री १०:०६

छताचे वाकतात थोडे.

संत्र्याची_साल
रात्री १०:१५

घाबरू नको. सगळं सोडव, क्रीम सुरीनं खरवडून काढ, कोरड्या फडक्यानं पूस, आणि ओव्हनमध्ये १५०वर दहा-बारा मिनिटं वाळव. काढल्यावर नरमच लागतील, जाळीवर पूर्ण गार झाल्यावर कडक होतात, तोवर उचलू नको. कडा वेड्यावाकड्या फुगल्या असतील तर गार झाल्यावर बारीक किसणीनं घासून सरळ कर. पुढच्या वेळी पिठात सोडा टाकू नको, सोड्यानं तुकडे पसरतात. आणि भिंती आडव्या आहेत तोवरच सजवून घे, खिडक्या-दारं काढून वाळू दे, मग उभ्या कर. उभ्या भिंतीवर नक्षी काढायला गेली की हात थरथरतो आणि ओघळ येतात. तुझ्याकडे ओव्हन कोणता आहे?

पऱ्हाटी
रात्री १०:१९

छोटा ओटीजी. पण लाईट रात्री अकराला जाते, सकाळी साडेसहाला येते. आयसिंग शुगर गावात नाही मिळत, पिठीसाखर चालेल का? आणि कोन पण नाही.

ओसरी
रात्री १०:२६

कोन मेहंदीसारखा कर ना! बटर पेपर नाही तर कोरी जाड प्लास्टिकची पिशवी गुंडाळून, टोक अगदी बारीक काप. मेहंदी काढता येते तर हे येतेच. मी केकवर अशीच नावं लिहिते. पिठीसाखर चालेल पण मिक्सरमधून परत काढ आणि मलमलच्या फडक्यातून चाळ, एक कण राहिला तरी टोक बंद पडते. एका कपाला एक छोटा चमचा कॉर्नफ्लोअर टाक. आणि वाटीवर ओलं फडकं ठेव, वरून लवकर पापुद्रा धरते.

पिंपळपार
रात्री १०:३५

रात्री लाईट जाण्याबद्दल आमच्याकडेही तेच. ओटीजी इन्व्हर्टरवर लावू नका, हजार-दीड हजार वॅट ओढतो. माझ्या मुलानं लावला आणि इन्व्हर्टर बसला.

वऱ्हाडी_बल्लव
रात्री १०:४१

बरं, माझं एक ऐका. भिंती आयसिंगनं करा, सजावट आयसिंगनं करा. फक्त छत पाकानं लावा, परवा पाहिजे असेल तर तेवढाच वेळ वाचेल. आणि बर्फ नका दाखवू, सगळे ते पांढरं ओघळलेलं बर्फ काढतात. दर्यापूरच्या घरावर बर्फ कुठला? घराभोवती पऱ्हाटी (कापसाची झाडं) लावा, हिरव्या बडीशेपच्या गोळ्यांची झाडं आणि त्यावर आयसिंगच्या टिपक्या, फुटलेली बोंडं दिसतील. डिसेंबरात आपल्याकडे तेच असते.

संत्र्याची_साल
रात्री १०:४४

हे मात्र एकदम छान सुचवलं दादा. आणि छतासाठी पाक मान्य, पण पोरगी झोपल्यावरच.

विटामाती
रात्री १०:५२

कवेलू दाखवायचे असन त वळचणीपासून वर लावत जा, आढ्यापासून खाली नाही. वरची रांग खालच्या रांगेवर चढली पाहिजे, नाहीत पाणी आत जाते. तुमच्या घरात पाणी नाही येणार पण दिसन त बरोबर दिसन.

नुसती_खिचडी
रात्री १०:५५

कवेलूसाठी कॉर्नफ्लेक्स घ्या, वजनाला हलके आहेत, वाकलेले असतात आणि कडा तांबूस. शेंगदाणे लावू नका, छत जड होईल.

पऱ्हाटी
२४ डिसेंबर, दुपारी २:१०

तुकडे परत भाजले, कडक झाले, एक छताचा कोपरा तुटला तो आयसिंगनं जोडला. चण्याचं पाणी आटवायला अर्धा तास गेला पण फेटल्यावर खरंच पांढरं शुभ्र झालं, चमचा उचलला की टोक उभं राहते. चारही भिंती उभ्या आहेत, बाहेरून वाट्या लावल्या. सासूबाईंनी चव पाहिली, म्हणाल्या यात चणे कुठून आले, काहीच कळत नाही. मुंग्या येऊन राहिल्या पण, दोनदा झटकल्या.

ओसरी
दुपारी २:१८

पाट घे, त्याचे चारही पाय पाण्याच्या वाट्यांत ठेव आणि वर घर. आमची आजी दुधाच्या कपाटाला असंच करायची.

पऱ्हाटी
२५ डिसेंबर, दुपारी १२:४५

राहिलं. छत राहिलं. रात्री साडेदहाला पाकानं लावलं, एक बाजू दादा म्हणाले तशी लगेच धरली, दुसरी जरा खाली उतरली म्हणून ओसरीवर छत जास्त झुकलं, पण खरं घर पण तसंच होतं, वाकून आत जावं लागायचं. कवेलू वळचणीपासून लावले, नऊ रांगा, शेवटच्या दोन पोरीनं लावल्या सकाळी उठून. रंगीत गोळ्या आयसिंग अर्धवट वाळल्यावर लावल्या, एकीचाही रंग नाही उतरला. समोर पऱ्हाटीच्या तीन ओळी आहेत. पोरी आल्या आणि कुणी हातच लावेना. मग माझ्या आईला व्हिडिओ कॉल केला, तिनं डोळे बारीक करून पाहिलं आणि म्हणाली ओसरी बरोबर आहे, पण न्हाणी कुठाय? न्हाणी मागच्या बाजूला होती, ती मी विसरूनच गेली होती. पोरगी आता उरलेल्या तुकड्यांची न्हाणी करून राहिली.

सगळ्यांचे खूप खूप आभार. एक विचारायचं होतं, ती हे घर तोडू देत नाही, किती दिवस टिकेल?

संत्र्याची_साल
दुपारी १२:५८

वा गं! कोरड्या जागी दोन-तीन आठवडे दिसायला चांगलं राहील, पण खायचं असेल तर आठवड्याच्या आत खा. झाकून ठेव, फ्रीजमध्ये मात्र नको.

पिंपळपार
दुपारी १:३०

अभिनंदन. आता आलेपाकाचं कुणी सांगता का?