काळ्या मातीत पुराला टिकणारं घर : पाया आणि जुन्या कौलांचा फिलर स्लॅब, सल्ला हवा (जि. सांगली)

नमस्कार मंडळी,

भिलवडीजवळ कृष्णाकाठी आमचं कौलारू घर होतं. 2019 ला सांगलीत आयर्विन पुलापाशी पाणी 57 फुटांच्या वर गेलं, त्या पुरात आमच्या मातीच्या भिंती बसल्या. माणसं आधीच हलवली होती म्हणून वाचली. आई-दादा तेव्हापासून भाड्याच्या खोलीत आहेत. दिवाळीनंतर त्याच जागेवर 700 चौरस फुटांचं घर आणि वर एक खोली बांधायची आहे. पाणी आलं तर धान्य, कागदपत्रं आणि आई-दादांना वर चढवता यावं, एवढ्यासाठीच ती खोली. पैसा मोजका आहे.

चर खणून पाहिला, मुरूम 11 फुटांवर लागला. वर सगळी काळी माती. मे महिन्यात भेगेत हात कोपरापर्यंत जातो. ठेकेदार म्हणतात, 5 फुटांवर फुटिंग (कॉलमखालची काँक्रीटची रुंद बैठक) घेऊ आणि सळई दुप्पट घालू. मला ते पटत नाही. फुगणारी-आकसणारी माती फुटिंगखाली तशीच राहणार, मग जास्तीची सळई करणार काय? रुरकीच्या केंद्रीय भवन संशोधन संस्थेनं अशाच मातीसाठी अंडररीम पाइल, म्हणजे जमिनीत भोक पाडून ओतायचे काँक्रीटचे खांब, विकसित केले. साधारण साडेतीन मीटर खोल, खाली फुगीर बल्ब, आणि जोत्याच्या बीमखाली माती फुगायला मोकळी जागा. आमच्याकडे तेवढं खोल गेलं की मुरूमच लागतो. हाताच्या ऑगरनं (जमिनीत भोक पाडायच्या गिरमिटानं) मुरमात बल्ब कापला जातो का? आपल्या भागात कुणी केलंय का?

दुसरा प्रश्न स्लॅबचा. जुनी मंगलोरी कौलं जपून ठेवली आहेत. स्लॅबच्या मधल्या भागात खालच्या बाजूला ताण असतो. तो सळई घेते, तिथलं काँक्रीट नुसतं वजन. म्हणून तिथे कौलं भरून फिलर स्लॅब करायचा विचार आहे. पण बीमजवळ उलटं होतं, ताण वर आणि दाब खाली. तिथे कौलं न घालता किती पट्टा भरीव ठेवावा? वरच्या खोलीत धान्याची पोती असणार, हे धरून सांगा.

रॅट-ट्रॅप बाँडनं (विटा कडेवर उभ्या रचून भिंतीत पोकळी ठेवायची पद्धत) विटा सुमारे पाव कमी लागतात, पण खालच्या मजल्यावर तो नको असं वाटतं. पुराचं पाणी आणि गाळ त्या पोकळीत शिरला तर काढणार कसा? वरच्या खोलीला मात्र चालावा.

एका गोष्टीत काटकसर करणार नाही. 11 डिसेंबर 1967 चा कोयनेचा भूकंप दादांनी अनुभवलाय. हादऱ्यात उघडू नयेत म्हणून कॉलमच्या उभ्या सळयांभोवतीच्या रिंगांचे हूक 135 अंशांत वाकवून घेणार आहे. त्याला जास्तीचा पैसा जवळपास लागत नाही, तरी गावात सगळे 90 अंशांवरच सोडतात.

डिझाइन इंजिनिअरकडूनच करून घेणार आहे, पण त्यांच्यासमोर बसण्याआधी अनुभव ऐकायचाय. सांगली-साताऱ्यात असं पाइल फाउंडेशन किंवा फिलर स्लॅब केलेलं घर बघायला मिळालं तर मी दुचाकीवरून येईन, दादांनाही घेऊन.