चाटी गल्लीतले जुने दुकान चालू ठेवावे, हलवावे की मालकाला परत द्यावे?

गल्लीकर_पुण्यात

सोलापूरच्या बाजारपेठेची जाण असलेल्यांकडून सल्ला हवा आहे. चाटी गल्लीलगत आमचे साड्यांचे आणि लग्नाच्या बस्त्याचे दुकान आहे. जागा आजोबांच्या काळापासून पागडीची, म्हणजे सुरुवातीला एकरकमी रक्कम देऊन भाड्याने घेतलेली असून भाडे इतके नाममात्र आहे, की तेवढ्यात जुळे सोलापूर या नव्या वस्तीत दुकानासमोरची पायरीसुद्धा मिळणार नाही. वडिलांनी सत्तरी ओलांडली आहे, मी पुण्यात नोकरी करतो, आणि दुकान वडील व त्यांच्याबरोबरच म्हातारे होत चाललेले दोन नोकर सांभाळतात. लग्नसराई आणि दिवाळी सोडली तर दुपारभर गिऱ्हाईक फिरकत नाही. शहरातली ओळखीची कुटुंबे आता होटगी रोडच्या मोठ्या दालनांत जातात किंवा मोबाईलवरून मागवतात, आणि जी येतात ती गाडी कुठे लावायची याच विवंचनेत असल्याने निम्मा माल न पाहताच उठतात.

जागेचे मालक रक्कम देऊन ताबा मागत आहेत. वडिलांचे म्हणणे असे, की दुकान आजवर कधी तोट्यात गेलेले नाही, मग बंद का करायचे? मला हे म्हणणे खोडता येत नाही आणि पटतही नाही. अशा वेळी नेमके काय तपासावे?

निवृत्त_हिशेबनीस

तोटा नाही, हे वडिलांचे म्हणणे वहीपुरते खरे असेल. पण त्या वहीत तीन खर्च बहुधा लिहिलेलेच नाहीत. पहिला, वडिलांचा स्वतःचा पगार. दुसरा, मालात अडकलेल्या भांडवलावरचे व्याज, आणि कपाटाच्या वरच्या फळीवर वर्षानुवर्षे पडून असलेल्या साड्यांची खरी किंमत, जी खरेदीच्या भावाने धरण्यात काहीच अर्थ नाही. तिसरा आणि सर्वांत मोठा खर्च म्हणजे बाजारभावाचे भाडे. हे तिन्ही आकडे मांडूनही काही उरत असेल तर तुमच्याकडे धंदा आहे. उरत नसेल, तर तुमच्याकडे धंदा नसून स्वस्त जागा आहे आणि साड्या विकणे हा ती जागा राखून ठेवण्याचा एक मार्ग आहे. जुन्या पेठेतल्या कितीतरी दुकानांची हीच अवस्था आहे असे माझे मत आहे, आणि म्हणूनच तिथली उघडी शटर मोजून बाजार चालतो की नाही हे कळत नाही.

शटर उघडे राहण्यामागे कायदाही आहे. १९९९ च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याने जुन्या भाडेकरूला संरक्षण दिले आहे आणि मालकाला भाड्यात वर्षाला चार टक्के वाढ करण्याचा हक्क दिला आहे. परंतु जागा ज्या कामासाठी घेतली त्यासाठी ती सलग सहा महिने सबळ कारणाशिवाय वापरली नाही, तर तेवढ्या कारणावरून मालकाला ताब्याचा दावा लावता येतो. त्यामुळे धंदा असो वा नसो, सकाळी उदबत्ती लावून गादीवर बसावेच लागते. ‘बघू पुढे’ म्हणून कुलूप लावून ठेवण्याचा पर्याय तुम्हाला नाही. विजेचे बिल शून्यावर आले की तोच कागद कोर्टात पुढे येतो.

आणखी एक गोष्ट, जी स्पष्ट लिहितो, राग मानू नये. धंद्याच्या जागेत वडिलांच्या पश्चात भाडेकरूचा हक्क प्रथम कुटुंबातल्या अशा माणसाकडे जातो, जो त्यांच्याबरोबर तिथे धंदा करत होता. तसा कोणी नसेल तर वारसांच्या आपसांतल्या संमतीचा, आणि ती न झाल्यास कोर्टाचा प्रश्न होतो. तुम्ही पुण्यात आहात हे मालकांना ठाऊक असणार. आज ते जी रक्कम देऊ करत आहेत ती पुढे वाढेलच असे धरू नका. रक्कम स्वीकारायची ठरली तर मात्र सगळा व्यवहार लेखी करा, आणि सही करण्यापूर्वी तो वकिलाला दाखवा.

पूर्वभागवासी

वरील हिशेब बरोबर आहे, पण गिऱ्हाईक केवळ होटगी रोडला गेले असे समजणे मला अपुरे वाटते. चाटी गल्ली, मधला मारुती, फलटण गल्ली हा सारा बाजार गिरण्यांच्या पगारावर उभा राहिला. १८७७ साली सुरू झालेली जुनी मिल साठच्या दशकात बंद पडली, नंतर लक्ष्मी-विष्णू गेली, शेवटी नरसिंग गिरजीही गेली. त्या कामगारांची पुढची पिढी यंत्रमागावर आली, तिथे मजुरी कमी आणि कामाची शाश्वती त्याहून कमी. सोलापुरी चादरीला भौगोलिक मानांकन मिळाले, पण बाजारात पानिपतचा स्वस्त माल तिच्याच नावाने विकला जातो. ज्याच्या घरी पूर्वी दिवाळीला पाच जणांचे कपडे एकदम घेतले जात, त्याच्याकडे आता मुलांपुरते घेतले जातात आणि मोठी माणसे पुढच्या वर्षावर ढकलतात.

शिवाय गिऱ्हाईक अक्षरशः शहराबाहेर राहायला गेले आहे. कुंभारीजवळ रे नगरमध्ये यंत्रमाग, विडी आणि इतर असंघटित कामगारांसाठी ३०,००० घरांची वसाहत ठरली आणि त्यांतल्या १५,००० घरांचे हस्तांतर जानेवारी २०२४ मध्ये झाले. घरे झाली ही चांगलीच गोष्ट आहे. पण जी बाई पूर्वी साखर पेठेतून चालत बाजारात येत असे, तिला आता रिक्षाभाडे मोजून यावे लागते, आणि तेवढ्यासाठी ती येत नाही. हे गिऱ्हाईक होटगी रोडच्या दालनातही जात नाही. ते दारावर येऊन हप्त्याने कपडे विकणाऱ्याकडून घेते.

हद्दवाढीतला_दुकानदार

मी नवी पेठेतून जुळे सोलापुरात दुकान हलवले, म्हणून दुसरी बाजू सांगतो. १९९२ च्या हद्दवाढीनंतर वस्ती इकडे सरकली हे खरे, गाडी दारात लागते हेही खरे. पण इथले गिऱ्हाईक रोजच्या वापराचे घेते: लेगिन्स, टॉवेल, शाळेचा गणवेश. बस्ता बांधायला पन्नास माणसांचे कुटुंब माझ्याकडे येत नाही, कारण त्याला एकाच फेरीत साड्या, फेटे, भांडी आणि सोने असे सगळे हवे असते, आणि ते आजही जुन्या पेठेतच पायी अंतरावर मिळते. तुमच्या मालाचे स्वरूप पाहता हलणे मला धोक्याचे वाटते. भाडे दर महिन्याला द्यावे लागते, बस्ता मात्र मुहूर्तालाच येतो.

तरीही हलायचे ठरले, तर नव्या जागेच्या भाड्याची बोलणी करताना जीएसटीही विचारात घ्या. दीड कोटीपर्यंत उलाढाल असणाऱ्या व्यापाऱ्याला कंपोझिशन या सोप्या योजनेत उलाढालीवर एक टक्का कर भरून मोकळे होता येते, मात्र भाड्यावर लागलेल्या कराचे क्रेडिट, म्हणजे वजावट, त्याला मिळत नाही. नोंदणीकृत मालकाने भाड्यावर अठरा टक्के लावले तर ते तुमच्याच खिशातून जातात. मला हे करारावर सही झाल्यानंतर उमगले.

मंगळवेढ्याची_वाचक

मी दुकानदार नाही, गिऱ्हाईक आहे, तरीही लिहिते. मार्च २०२३ पासून एसटीत बायकांना अर्धे तिकीट झाल्यापासून आमच्याकडच्या बायका पुरुषांची वाट न पाहता चौघी-चौघी मिळून सोलापूरला येतात. आम्हाला पार्किंगशी काही देणेघेणे नाही. आम्हाला पिशव्या ठेवायला जागा, उन्हाळ्यात प्यायला गार पाणी, आणि सर्वांत आधी स्वच्छ स्वच्छतागृह हवे असते. साड्या पाहायला दोन-तीन तास लागतात आणि गल्लीत कुठे जायचे ते कळत नाही, म्हणून आम्ही सकाळपासून पाणीच पीत नाही आणि दुपारी घाईने उरकतो. मागच्या लग्नात आमची सगळी खरेदी एकाच दुकानात झाली. तिथल्या मालकीणबाईंनी माडीवरचे स्वतःच्या घरचे स्वच्छतागृह उघडून दिले होते, आणि परकर-ब्लाउजची शिलाई तिथेच होऊन तयार कपडे एसटीच्या पार्सलने घरी आले. भाव चार पैसे जास्तच होता. व्यापाऱ्यांच्या बैठकांत पार्किंगचाच विषय असतो असे वाचते, तेव्हा त्यांच्या मनातले गिऱ्हाईक केवळ मोटारीतून येते की काय, असा प्रश्न पडतो.

गल्लीकर_पुण्यात

सर्वांचे आभार. हिशेबनीसांनी सांगितल्याप्रमाणे तिन्ही खर्च धरून आकडे मांडले. लग्नसराईचे महिने नफ्यात राहतात, बाकीचे सगळे ते खाऊन टाकतात. वडिलांना कागद दाखवला. ते बराच वेळ पाहत राहिले आणि म्हणाले, की मग बाकीच्या महिन्यांचे काहीतरी बघू, बस्ता सोडायचा नाही. मागच्या बाजूला एक छोटी खोली आणि बंद पडलेले स्वच्छतागृह आहे, ते दुरुस्त करून घेतो. आता एवढेच विचारायचे आहे, की ती खोली एखाद्या ब्लाउज शिवणाऱ्या बाईंना भाड्याने देता येईल का? त्यांना काम मिळेल आणि आमचा खर्च निघेल.

निवृत्त_हिशेबनीस

भाड्याने देऊ नका. मालकाच्या लेखी संमतीशिवाय पोटभाडेकरू ठेवणे हे ताब्याच्या दाव्याला पुरेसे कारण आहे, आणि ज्यांना जागा हवीच आहे ते नेमकी याचीच वाट पाहत असतील. शिलाई तुमच्याच दुकानाच्या नावाने घ्या, पावती तुमची फाडा, आणि त्या बाईंना नगावर मजुरी द्या. त्यांच्याकडून भाडे म्हणून एक रुपयाही घेऊ नका, गुगल पेवर तर मुळीच नाही. तुमची भाडेपावती केवळ साड्यांच्या विक्रीसाठी आहे की कापडधंद्यासाठी, तेही वकिलाकडून वाचून घ्या. दुरुस्तीत भिंत पाडायची असेल तर थांबा, कारण पक्के फेरफारही मालकाच्या लेखी परवानगीशिवाय चालत नाहीत; नळ, शौचालयाचे भांडे आणि फरशी बदलणे हा वेगळा प्रश्न आहे. काम सुरू करण्यापूर्वी आतले फोटो काढून ठेवा.